कास्टिंग नंबर जुळतो, तरी पिस्टन बसत नाही: जुना ब्लॉक ओळखताना पुन्हा पुन्हा होणारा घोटाळा

इंजिनाचा जुना ब्लॉक समोर आहे. मागच्या फ्लँजवरचा (गिअरबॉक्सकडच्या कडेवरचा) कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामातच उठून आलेले आकडे, घासूनपुसून वाचला, यादीत शोधला, यादीने इंजिनाचं नाव सांगितलं. त्या इंजिनाचे पिस्टन, रिंग, बेअरिंग मागवले आणि जोडणीच्या दिवशी काहीतरी बसेना. मग पुन्हा नंबर वाचायचा, पुन्हा तीच यादी, पुन्हा तेच उत्तर. जुन्या इंजिनांवर काम करणारे बहुतेक जण या चक्रात कधी ना कधी अडकतात. मीही अडकलो होतो. कुठे चुकलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे निदान पिस्टनचा सेट परत पाठवायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

माझ्याकडे आलेला ब्लॉक शेव्हरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८ होता, नंबर ३९७००१०. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड आत होते, पिस्टन आणि हेड नव्हते. देणाऱ्याने ‘३५०’, म्हणजे ३५० घनइंचांचं इंजिन, सांगितलं होतं आणि यादीतही या नंबरासमोर ठळकपणे ३५० होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजला तर ४.०३० इंच, म्हणजे मूळ ४ इंचाचा, तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवलेला. तेही ३५० ला पटण्यासारखं. मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला धरणारी, बरोबर बसली. शंकेला जागाच नव्हती. पिस्टन घालून, एक नंबरचा पिस्टन अगदी वर आणून डेकवर (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागावर, जिथे हेड बसतं) पट्टी ठेवली आणि खालच्या फटीत डेप्थ गेज घातला. ३५० मध्ये पिस्टन डेकच्या साधारण २५ थाऊ खाली थांबतो, म्हणजे जेमतेम ०.६ मिमी. इथे तो तब्बल १४० थाऊ, साडेतीन मिलिमीटर खाली होता. आधी वाटलं रॉड वाकला असेल. दुसरा पिस्टन पाहिला, तिसरा पाहिला, सगळे तेवढेच खाली. मग शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: पिस्टन वरून खालपर्यंत नेऊन स्ट्रोक, म्हणजे त्याचा वरून खालपर्यंतचा प्रवास, मोजला. ८८.४ मिमी यायला हवा होता, आला ८२.५. ते ३२७ होतं.

नंबर चुकीचा नव्हता आणि यादीही खोटी नव्हती. त्याच यादीत जरा खाली, बारीक अक्षरात, ३९७००१० समोर १९६९ चं ३२७ आणि १९६९ च्या कॅमॅरो झी-२८ चं ३०२ ही दोन्ही लिहिलेली होती. मी पहिल्या ओळीवर थांबलो.

हे असं का होतं ते कळलं की बाकीचं सगळं सोपं जातं. कास्टिंग नंबर हा साच्याचा नंबर आहे. फाउंड्रीत वाळूचा साचा ज्या पॅटर्नवरून बनतो त्या पॅटर्नवर हे आकडे लावलेले असतात, म्हणून ते ब्लॉकवर उठून येतात. भट्टीतून बाहेर पडतो तो कच्चा, खडबडीत ओतीव ठोकळा. त्याला बोअर किती पाडायचा, मेन बेअरिंगची भोकं कोणत्या मापाची करायची, मेन कॅपला दोन बोल्ट द्यायचे की चार, हे सगळं पुढे मशिनिंगच्या लाइनवर ठरतं. आत कोणता क्रँक बसणार हे तर त्याहूनही पुढे, जोडणीच्या वेळी. एकाच साच्यातून निघालेल्या ठोकळ्यांची त्यामुळे वेगवेगळी इंजिनं होतात आणि नंबर मात्र सगळ्यांवर एकच राहतो.

स्मॉल ब्लॉकमध्ये हा गोंधळ सर्वांत जास्त, कारण ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्हींचा बोअर एकच, ४.०० इंच. फरक फक्त स्ट्रोकचा: ३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच. रिकामा ब्लॉक हातात धरून हे तिन्ही वेगळे सांगता येत नाहीत. रॉडही तिन्हींत ५.७ इंचांचेच. फरक पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतच्या उंचीत घेतलेला आहे: ३५० ला १.५६, ३२७ ला १.६७५, ३०२ ला १.८० इंच. माझे पिस्टन खाली का राहिले त्याचं गणित एवढंच. स्ट्रोक कमी, आणि पिस्टनही बुटके.

मेन बेअरिंग बसली म्हणून मी निश्चिंत झालो, तीही चूकच. १९६७ पर्यंतच्या ३२७ चे मेन जर्नल (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) २.३० इंचांचे. १९६८ पासून ते २.४५ झाले, आणि ३५० ला तर १९६७ मध्ये पहिल्यापासूनच २.४५ होते. १९६८-६९ चं ३२७ आणि ३५० यांची मेन बेअरिंग म्हणून एकमेकांत चालतात. उलट १९६७ चा ३८९२६५७ हा नंबर घ्या: त्याच साच्यातून लहान जर्नलची ३०२ आणि ३२७ निघाली आणि मोठ्या जर्नलचं ३५० सुद्धा. इथे नंबरावरून बेअरिंग मागवली तर ती बसलीच तर नशीब.

आता एकेक अडचण घेऊ.

नंबर सापडतच नाही

ही सर्वांत सामान्य तक्रार, आणि बऱ्याचदा कारण असतं बाजूंचा गोंधळ. अमेरिकन याद्यांत ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी बाजू, कारण तिथे चाक डावीकडे. आणि डावी-उजवी ठरवायची ती गाडीत बसून पुढे तोंड करून, इंजिनासमोर उभं राहून नव्हे. स्मॉल ब्लॉकचा कास्टिंग नंबर मागे, बेल हाउसिंग जिथे जोडतात त्या फ्लँजच्या डाव्या बाजूला वर असतो. ओतल्याची तारीख बहुधा त्याच फ्लँजच्या उजव्या बाजूला. इंजिन गाडीतच असेल तर डिस्ट्रिब्युटर आणि फायरवॉल यांच्यामधल्या अरुंद जागेत डोकावावं लागतं. तिथे दांड्याचा छोटा आरसा वापरत असाल तर आकडे उलटे दिसतात हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा मोबाइल आत सरकवून मागच्या कॅमेऱ्याने दहा-बारा फोटो काढा, एखादा तरी स्पष्ट येतो.

नंबर वाचता येतो, पण कोणत्याच यादीत नाही

जवळजवळ प्रत्येक वेळी एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. इंग्रजी तीन आणि आठ, शून्य आणि सहा, एक आणि सात या जोड्या फार फसवतात. ओतकामातले आकडे मुळात धारदार कडांचे नसतात. वाळू चिकटलेली असते, वर दोन-तीन रंगांचे थर आणि त्यावर तेलकट मळ.

ग्राइंडर किंवा फिरता लोखंडी ब्रश लावू नका. डिग्रीझर मारून तासभर मुरू द्या, मग पितळी ब्रशने हाताने घासा. रंग जाड असेल तर पेंट रिमूव्हर. पूर्ण सुकल्यावर खडूची कांडी आडवी धरून आकड्यांवरून हलकेच फिरवा, उठावाचे माथे तेवढे पांढरे होतात आणि खोलगट भाग काळा राहतो. मग दिवे बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. माझ्या ब्लॉकवरचा शेवटून दुसरा आकडा समोरून चक्क आठ वाटत होता. टॉर्च डावीकडून धरल्यावर त्याची सावली एका रेषेची पडली आणि तो एक निघाला. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलने घासून ठसा घेतला तर तो फोटोपेक्षाही विश्वासू असतो, आणि जपूनही ठेवता येतो.

कास्टिंग नंबर आणि ठोकलेला नंबर यांची गल्लतही इथेच होते. उठून आलेले आकडे साच्याचे. पंचने आत ठोकलेले आकडे जोडणीच्या कारखान्यातले. एकाची यादी दुसऱ्याला लावली तर काहीच सापडणार नाही. यादी कुठल्या नंबराची आहे ते आधी पाहा.

वर्ष दहा वर्षांनी चुकतं

शेव्हरोलेच्या ओतल्याच्या तारखेत महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग बहुधा वर्षाचा फक्त शेवटचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. सी १२ ९ दिसलं तर १२ मार्च, पण १९६९ की १९७९? तारीख सांगत नाही. इथे कास्टिंग नंबर खरा उपयोगी पडतो, कारण तो काळाची चौकट देतो. ३९७००१० हा १९६९ च्या मॉडेलपासून सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. म्हणजे वर्षाचा आकडा ६ असेल तर ते १९७६च, १९६६ शक्यच नाही. अडचण उरते ती फक्त ८ आणि ९ ची. १९६८ च्या शरद ऋतूत ओतलेला ब्लॉक १९६९ च्या मॉडेलमध्ये जातो, म्हणून ८ वरूनही १९६८ की १९७८ असा प्रश्न पडतो.

तो सोडवायचा तर इंजिनाच्या पुढच्या बाजूला या. उजव्या हेडच्या पुढे, डेकच्याच पातळीत, ब्लॉकचा एक छोटा सपाट चौथरा असतो. त्यावर जोडणीचा कारखाना, महिना, दिवस आणि शेवटी इंजिनाचं काम सांगणारी अक्षरं ठोकलेली असतात. व्ही किंवा एफ म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा, के म्हणजे कॅनडातलं सेंट कॅथरिन्स. शेवटची अक्षरं १९६९ पर्यंत दोन आणि १९७० पासून तीन. ९ हा आकडा असलेल्या ब्लॉकवर तीन अक्षरं दिसली आणि तो शरद ऋतूत ओतलेला नसेल, तर तो १९७९ चा. आणि डीझेड दिसलं तर तो १९६९ च्या झी-२८ चा ३०२, म्हणूनच ही दोन अक्षरं लोक खोटी ठोकतात.

खोटं ओळखायचं कसं? १९६८ पासून त्याच चौथऱ्यावर किंवा ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही ठोकलेला असतो. उदाहरणार्थ १९एन ने सुरू होणारा: १ शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुडचा कारखाना. तो गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. शिवाय तारखांचा क्रम बिघडता कामा नये: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. ओतल्याची तारीख जोडणीच्या तारखेनंतरची असेल तर त्या चौथऱ्यावरच्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवू नका. कारखान्यातल्या मूळ चौथऱ्यावर ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करण्याच्या) बारीक समांतर रेषा पुढून मागे गेलेल्या दिसतात. त्या जागी गोलाकार खुणा किंवा काचेसारखी गुळगुळीत जागा असेल तर ब्लॉकचा डेक केव्हातरी घासला गेला आहे. अर्थात डेक घासणं हे दुरुस्तीचं नेहमीचं काम आहे, त्यात लबाडी असतेच असं नाही. पण मूळ नंबर त्यात जातात आणि पुन्हा येत नाहीत. तुमचा ब्लॉक घासायला देण्याआधी चौथऱ्याचे फोटो आणि पेन्सिलचा ठसा घ्याच. कळकळीने सांगतो, कारण असा घासून कोरा झालेला एक फार चांगला ब्लॉक मी पाहिला आहे आणि त्याचा इतिहास आता कुणालाच सांगता येत नाही.

फोर्डचा नंबर आणि समोरचा ३५२

फोर्डची पद्धत वाचायला सोपी, पण फसायला त्याहून सोपी. सी८एई असा नंबर असेल तर सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८, ए म्हणजे मोठ्या गाड्यांसाठी, शेवटचा ई म्हणजे इंजिन विभाग. डी असेल तर सत्तरचं दशक. हे वर्ष मात्र डिझाइनचं, उत्पादनाचं नव्हे. तेच डिझाइन पुढे कित्येक वर्षं ओतलं जाऊ शकतं, म्हणून तारीख वेगळी शोधावी लागते. तिचा क्रम शेव्हरोलेच्या उलटा: आधी वर्षाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. शिवाय फोर्डने आय हे अक्षर गाळलं आहे. जे म्हणजे फोर्डमध्ये सप्टेंबर आणि शेव्हरोलेत ऑक्टोबर. दोन्ही प्रकारची इंजिनं हाताळणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

फोर्डच्या एफई मालिकेत आणखी एक सापळा आहे. ब्लॉकच्या तोंडावर ठसठशीत ३५२ ओतलेलं असतं आणि माणूस खुशीत येतो की इंजिन सापडलं. पण हा ३५२ चा ठसा ३९० आणि इतर मापांच्या कित्येक ब्लॉकवरही तसाच आहे. तिथे बोअर आणि स्ट्रोक मोजल्याशिवाय काहीही ठरत नाही. त्यामानाने जुनी फ्लॅटहेड सरळ: मागे ५९ए असेल तर १९४६ ते ४८ च्या घरातली, ८बीए असेल तर १९४९ ते ५३ ची.

क्रायस्लरवाल्यांचं काम सर्वांत हलकं. तिथे ब्लॉकच्या बाजूला सात आकडी नंबर असतो आणि तारीख महिना-दिवस-वर्ष अशी, वर्षाचे दोन्ही आकडे धरून. २५३६४३० हा ४४० चा, २४६८१३० हा ३८३ चा, २७८०९३० हा ३४० चा. इथेही आत क्रँक कोणता आहे ते पाहायचंच, पण सुरुवात बरीच भक्कम असते.

‘फोर बोल्ट आहे’ म्हणून घेतला, निघाला टू बोल्ट

३९७००१० हा नंबर दोन्ही प्रकारांत येतो. नंबर सांगून फोर बोल्ट विकणारा स्वतः फसलेला असतो किंवा तुम्हाला फसवत असतो. चेंबर, म्हणजे खालचा तेलाचा टब, खोलून मेन कॅप डोळ्यांनी पाहणं हा एकच मार्ग आहे. चेंबर खोललंच आहे तर क्रँकवरचा कास्टिंग नंबरही वाचून घ्या. ३९३२४४२ हा ३५० चा ओतीव क्रँक. माझ्या बाबतीत हा एक नंबर आधी शोधला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

टायमिंग कव्हरखालचे ०१० आणि ०२०

कव्हर काढल्यावर काही ब्लॉकच्या तोंडावर हे आकडे दिसतात आणि लगेच सांगितलं जातं की या लोखंडात १० टक्के कथील आणि २० टक्के निकेल आहे, म्हणून ब्लॉक खास मजबूत. यावर पैसे जास्त देऊ नका. ०१० हे तर ३९७००१० चेच शेवटचे तीन आकडे आहेत. आणि खात्री हवी असेल तर ब्लॉकला चुंबक लावा. ओतीव लोखंडात निकेल खरोखर वीसेक टक्क्यांवर गेलं की त्याची रचनाच बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. तुमच्या ब्लॉकला चुंबक कडक चिकटेल.

मापं, आणि ती कुठे फसवतात

नंबरांचा पट मांडून झाला की शेवटी हत्यार हातात घ्यायचं. हेड काढलेलं असेल तर पिस्टन तळाशी नेऊन डेकपासूनची खोली मोजा, मग माथ्यावर आणून मोजा, वजाबाकी म्हणजे स्ट्रोक. स्मॉल ब्लॉकमध्ये ७६.२ मिमी आलं तर ३.०० इंच, ८२.५५ आलं तर ३.२५, ८८.४ आलं तर ३.४८ आणि ९५.२५ आलं तर ३.७५ इंच, म्हणजे ४००. स्पार्क प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक मोजायची युक्ती सांगतात, ती या इंजिनांत करू नका. प्लगचं भोक तिरकं आहे, काडी तिरकी सरकते आणि ३.२५ आणि ३.४८ मधला जेमतेम सहा मिलिमीटरचा फरक त्यात हरवतो.

एकट्या बोअरवर भिस्त ठेवू नका. २८३ चा मूळ बोअर ३.८७५ इंच. जुन्या काळी तो १२५ थाऊ वाढवून थेट ४ इंच करायची पद्धत होती. तसा ब्लॉक समोर आला तर बोअर ३२७ चा आणि भिंती पातळ झालेल्या. अशा वेळी नंबरच वाचवतो, कारण तो २८३ चा साचा असल्याचं सांगतो. नंबर आणि माप एकमेकांचे साक्षीदार आहेत. दोघांचं म्हणणं जुळलं तरच पुढे जायचं.

क्रँक बाहेर असेल तर मेन कॅप टॉर्क करून बसवा आणि बेअरिंग न घालता भोकाचा व्यास मोजा. साधारण २.४९ इंच म्हणजे लहान जर्नल, २.६४ म्हणजे मधलं, २.८४ म्हणजे ४०० चं. चारशेची आणखी एक खूण डोळ्यांनी दिसते: शेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले, मध्ये पाण्याला वाट नाही, आणि डेकवर त्यांच्यामध्ये वाफेची बारीक भोकं. मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं असेल तर ब्लॉक १९८५ पर्यंतचा, एका तुकड्याचं असेल तर १९८६ नंतरचा. ‘साठच्या दशकातला’ म्हणून आलेल्या ब्लॉकला एकसंध सील दिसलं तर बाकी काही पाहायची गरजच नाही. नंबर वाचा, बहुधा १४०९३६३८ निघेल आणि तो १९८७ नंतरचा ३५० असेल.

माझ्या ब्लॉकला शेवटी ३२७ चे, १.६७५ इंच उंचीचे, तीस थाऊ ओव्हरसाइज पिस्टन घातले. पट्टी ठेवून पुन्हा मोजलं: डेकच्या खाली २६ थाऊ, आठही सिलिंडरमध्ये एक थाऊच्या आत. मग एक पत्र्याची चकती कापली आणि तिच्यावर पंचने कास्टिंग नंबर, ओतल्याची तारीख, बोअर, स्ट्रोक आणि मेनचं माप ठोकून ती बेल हाउसिंगच्या बोल्टला तारेने बांधून ठेवली. पुढे ज्याच्या हातात हे इंजिन जाईल त्याला फ्लँज घासत बसावं लागणार नाही.